उतारावर काच वाजते

भिंतीचं वळण यायच्या आधीच मागची काच वाजायला लागली.

सुरुवातीला अगदी बारीक. ओल्या बोटानं पेल्याची कड घासावी तसा आवाज. मी मान वळवून केबिनच्या मागच्या खिडकीतून पाहिलं. पिकअपच्या हौद्यात लाकडी घोडीला टेकवून, पट्ट्यांनी आवळून बांधलेली एकच काच उभी होती. कुठल्याशा दुकानाच्या दर्शनी भागाला बसायची होती, दारापेक्षा उंच. तिच्यात आभाळ दिसत होतं, आणि ते आभाळ थरथरत होतं.

ह्यांनी ब्रेकवरचा पाय जरा उचलला. आवाज थांबला, पण गाडी पळायला लागली. त्यांनी पुन्हा पाय ठेवला. या वेळी काच एकटी वाजली नाही. स्टेअरिंग असं हलायला लागलं की ह्यांच्या मनगटावरच्या शिरा वर आल्या. पायाखालचं पॅडल तर आतून कुणी लाथा मारत असल्यासारखं उसळत होतं.

"धरून बस," हे म्हणाले.

"काय धरू?"

"काहीही धर. मला सोडून."

हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही. जोरात ब्रेक दाबला तर पट्ट्यांतून सुटून ती काच सरळ आमच्या पाठीवर येणार. हळू दाबला तर गाडी थांबत नव्हती. ह्यांनी गिअर खाली घेतला. इंजिन ओरडलं. भिंतीच्या वळणावर समोरून पाण्याचा टँकर वर येत होता, रस्त्याचा मधला भाग आपलाच असल्यासारखा. ह्यांनी ब्रेक दाबला, आणि गाडीनं एकदम डावीकडे ओढ घेतली. माझ्या बाजूचा आरसा भिंतीतल्या झुडपांना घासत गेला. टँकरवाला खिडकीतून काहीतरी म्हणाला, ते आशीर्वाद नव्हते एवढं नक्की.

माझ्या तोंडात नाम होतं. कुठवर आले होते ते विसरले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

वळण सरलं. खाली आमच्या घराचं छप्पर दिसलं, तेव्हा ह्यांनी श्वास सोडला. मग नेहमीसारखं म्हणाले, "बघितलंस? चालतंय तसं."

"हे चालणं आहे?"

"खाली आलो ना?"

केबिनमध्ये जळक्या लोखंडाचा वास भरला होता.

आमचं घर उताराच्या पायथ्याशी आहे. वर काच कापायचा कारखाना, खाली बाजारपेठ, आणि मधल्या या रस्त्यावर आमचं पोट. घरापाशी रस्ता जरा सपाट होतो, मग पुन्हा खाली घसरतो तो थेट पुलापर्यंत. रोज हे एकटेच जातात. आज काच मोठी होती, वाटेत पट्टे सैल होतात का ते बघायला कुणीतरी सोबत हवं होतं, म्हणून मी गेले. मी नेहमी घरात असते. गाडी अंगणात आल्याचं मला फक्त ऐकू येतं.

ब्रेकचं हे दुखणं नवं नव्हतं. चाकाच्या आत लोखंडाची एक जाड थाळी फिरते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन्हीकडून पॅड तिला चिमटीत पकडतात. थाळी सपाट असली तर गाडी गुपचूप थांबते. केसभर जरी वाकडी झाली तरी फिरताना पॅडला धक्के देते, ते धक्के पॅडलला, पॅडलचे पायाला. हे मला ह्यांनी जेवताना ताटली फिरवून समजावलं होतं. आधी फिटरनं डिस्क लेथवर घासून सपाट करून दिल्या. थोडे दिवस गाडी लोण्यासारखी थांबली, मग पुन्हा थरथर. मग नव्या टाकल्या. पुन्हा तेच. मग आणखी नव्या, दुसऱ्या दुकानातून आणलेल्या. त्याच डिस्क आज उतारावर नाचत होत्या.

त्या फिटरला सगळे 'उद्या' म्हणतात, कारण कुठलंही काम नेलं की तो "उद्या या" म्हणतो. तोंडावरसुद्धा हेच नाव. त्याला राग येत नाही. येत असेल तर तोही उद्या येत असेल.

घरात मात्र या डिस्कनी बोलणंच बंद पाडलं होतं. मामंजींनी उभा जन्म मोठे मालट्रक चालवले. त्यांचं म्हणणं एकच, "तुझा नवरा ब्रेकवर पाय ठेवून झोपतो. आम्ही गाडी गिअरवर उतरवायचो." ह्यांचं उत्तर ठरलेलं, "तुमच्या गाड्या पळायच्या तरी का, थांबवायला?" एकदा शब्द वाढला, आणि तेव्हापासून दोघं एकाच पंगतीला बसून माझ्यातर्फे बोलत होते. "त्याला सांग, मीठ दे." "त्यांना सांग, समोरच आहे." मी दोघांच्या मधली टपालपेटी झाले होते.

गाडी अंगणात शिरली. मामंजी नेहमीप्रमाणे पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात पाइप घेऊन उभे होते.

हे त्यांचं काम. नजर अधू झाली, लायसन गेलं, किल्ली मुलाच्या हातात द्यावी लागली, तेव्हा त्यांनी एवढं स्वतःकडे ठेवून घेतलं. उतारावर पांढरी धूळ उडते, ती काचेवर बसते. गिऱ्हाईक बोट फिरवतं आणि ओरखडा आहे म्हणून हुज्जत घालतं. म्हणून गाडी आली की आधी अंगणात उभी करायची, मामंजी ती काचेपासून चाकांपर्यंत लखलखीत धुणार, मगच पुढे जायचं. त्यात कधी खंड नाही. ताप असला तरी नाही. मी माझ्या नेमाला बसते तशीच त्यांची धुण्याची तऱ्हा. मध्ये कुणी बोललेलं चालत नाही. मला त्याचं फार कौतुक होतं.

हे उतरले, वडिलांकडे न बघता तोंडावर पाणी मारायला आत गेले. तेही रोजचंच. मी माझ्या बाजूनं उतरले आणि पट्टे सैल झालेत का ते बघायला चाकापाशी थांबले.

"सूनबाई, बाजूला हो. साडी भिजेल."

मी बाजूला झाले. मामंजींनी काच धुतली, वरून खाली, एका संथ लयीत. हौद्याची फळी धुतली. मग वाकून पाइप पुढच्या चाकात धरला. विहिरीचं गार पाणी आरपार आत गेलं.

चर्रर्र झालं. चाकातून पांढरी वाफ बाहेर आली, माझ्या तोंडावर आली. तिच्यात तोच जळका वास होता. आणि त्या चरचरण्याच्या मागून एक आवाज आला, अगदी छोटा, कोरडा. टक्.

मामंजींना कानानंही जरा कमीच ऐकू येतं. ते पुढे सरकले.

मला माझी जुनी कढई आठवली. घाईघाईत तापलेली कढई नळाखाली धरली आणि तिचं बूड वर आलं. तेव्हापासून शेगडीवर ठेवली की डुगडुगते. आम्ही बायका हे एकदाच करतो. नंतर भांडं निवू देतो, मगच पाणी घालतो. इथे तर रोज. भाजलेलं लोखंड आणि गार पाणी, रोज. नवी डिस्क टाका नाहीतर सोन्याची टाका.

खाली उतरताना भिंत दिसली तेव्हाही मी एवढी भ्याले नव्हते.

मामंजी दुसऱ्या चाकाकडे निघाले होते. मी चार पावलं मागे गेले आणि भिंतीवरचा नळ बंद केला. पाइपचं पाणी बारीक होत होत थांबलं.

"पाणी गेलं वाटतं," मामंजी पाइपच्या तोंडात बघत म्हणाले. "मोटर लाव गं."

मी मोटर लावली नाही. गाडीचं दार उघडलं, किल्ली काढली, कमरेला खोचली.

हे टॉवेलनं मान पुसत बाहेर आले. "चल, मी निघतो. दुकानवाला वाट बघतोय. पुढे तू नको येऊस, दमलीस." ते सीटवर बसले, हात स्टेअरिंगखाली नेला. तिथे काही नव्हतं. "किल्ली?"

"माझ्याकडे आहे."

"दे."

"नाही."

लग्न झाल्यापासून मी ह्यांना तोंडावर नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. ह्यांनाही आठवत नसावं, कारण ते रागावण्याआधी गोंधळले.

"काय झालं?"

"आज गाडी इथून हलणार नाही. फिटरला बोलवा."

"डोकं फिरलंय का तुझं? उतार संपलाय. पुलापर्यंतच जायचंय."

"पुलापर्यंत उतारच आहे."

"अगं, वरून आलो ना आत्ता? नीट आलो ना?"

"नीट?" मी म्हटलं. माझा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ते त्याला उत्तर देऊ शकले असते.

तेवढ्यात मामंजी एका हातात पाइप तसाच धरून, काठी टेकत जवळ आले, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मुलाच्या बाजूनं बोलले. "सूनबाई, किल्ली देऊन टाक. काम खोळंबतं. बाईमाणसानं धंद्याच्या मध्ये येऊ नये."

"मामंजी, थोडं थांबा."

"कारण तर सांगशील?"

कारण माझ्या जिभेवर होतं. पण ते सांगितलं तर कुणाला सांगायचं? ह्यांना सांगितलं तर हे अंगणात उभं राहून बापाला काय काय ऐकवतील, ते मला पाठ होतं. मामंजींना सांगितलं तर त्यांना काय सांगितल्यासारखं होईल, हे मनातसुद्धा पुरं करवेना. खोटं बोलायचं नाही हा माझा नेम. खरं पूर्ण बोलता येत नव्हतं. अर्धं खरं उरलं होतं, तेवढं बोलले.

"चाकातून आवाज आला. काहीतरी तुटल्यासारखा."

"कधी?" हे म्हणाले.

"आत्ता. गाडी उभी असताना."

"उभ्या गाडीतून आवाज!" मामंजी हसले. "आता बाईच्या कानानं गाडी चालवायची का?"

हे हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मघाशी भिंतीच्या वळणावर आम्ही दोघंच होतो, मामंजी नव्हते. हे खाली उतरले, चाकापाशी उकिडवे बसले, रिमच्या फटीतून आत बघू लागले. आत अंधार होता, पाणी ठिबकत होतं.

"काही दिसत नाही."

"म्हणूनच फिटर."

"तो उद्या येईल."

"मी बोलावून आणते. आजच येईल."

फिटरचं गॅरेज घराच्या मागल्या गल्लीत. मी किल्ली कमरेलाच ठेवून गेले. मागे ठेवली असती तर परत येईपर्यंत गाडी पुलावर असती. तो एका स्कूटरच्या पोटात हात घालून बसला होता. मला बघून म्हणाला, "वहिनी, उद्या..."

"दादा, उद्यापर्यंत माझा नवरा राहील का, तेवढं सांगा, मग उद्या या."

त्यानं हात पुसले.

जॅक लागला, चाक वर उठलं, नट सुटले. हे आणि मामंजी दोन बाजूंना उभे, मध्ये गाडी. फिटरनं चाक काढून बाजूला टेकवलं आणि फडक्यानं डिस्क पुसली. तिच्यावर निळसर डाग होते, तापून काळवंडलेल्या भांड्यावर असतात तसे. त्यानं डिस्क फडक्यानंच धरून हळूच फिरवली. अर्ध्यात थांबला. पुन्हा जरा मागे फिरवली.

"या इकडे," तो ह्यांना म्हणाला.

काठापासून आतपर्यंत एक रेघ होती. केसासारखी. फिटरनं तिच्यावर नख ओढलं, नख अडकलं.

"चीर आहे. ताजी आहे, आत गंज नाही. ही घेऊन पुलाकडे निघाला होतास?"

ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "निघालो असतो तर?"

"एखाद्या वेळी पोचला असतास. एखाद्या वेळी खालच्या उतारावर हिनं जीव सोडला असता. मग काच मागून आली असती आणि पूल पुढून." त्यानं डिस्कवर बोट टेकवलं, चटकन उचललं. "अजून गरम आहे. आणि ओली. तापलेल्या डिस्कवर पाणी कोण मारतं?"

अंगणात फक्त पाइपच्या तोंडातून थेंब पडत होते. तो पाइप मामंजींच्या हातात होता.

माझ्या ओठांवर आलं होतं, "मी." जन्मात पहिलं खोटं. पण मामंजींनी मला तेवढा वेळ दिला नाही.

"मी मारतो," ते म्हणाले. "रोज मारतो."

"उतारावरून आल्या आल्या?"

"आल्या आल्या. आम्ही ट्रक असेच धुवायचो. घाट उतरलो की आधी चाकांवर पाणी. सगळे ड्रायव्हर करायचे."

"तुमच्या ट्रकना ड्रमचे ब्रेक होते, बाबा. वरून झाकलेले. पाणी मारलं तर बाहेरूनच वाहून जायचं. डिस्क उघडी असते." फिटरनं फडकं खांद्यावर टाकलं. "चूक माझीही आहे. मी तीनदा हिला हात लावला, पण डिस्क वाकते कशामुळे, हे एकदाही विचारलं नाही."

ह्यांचा चेहरा तापत चालला होता. मी ते बघत होते आणि मनात म्हणत होते, नको. आत्ता नको.

"आणि मला काय म्हणत होतात?" हे शेवटी म्हणालेच. मधे मी नाही, टपालपेटी नाही, सरळ बापाला. "ब्रेकवर झोपतो म्हणून? महिनोन्महिने? पंगतीत?"

"झोपतोसही," फिटर पॅड उलटापालटा करत म्हणाला. "हे बघ, किती घासलेत. दोघंही बरोबर आहात. आता भांडा हवं तर."

मामंजींनी ऐकलं नाही. ते डिस्ककडे बघत होते, नजर पोचत नव्हती म्हणून वाकले. हात पुढे केला, फिटरनं धरून ठेवला, भाजेल म्हणून. तरी त्यांनी सोडवून घेतला आणि बोटाचं टोक त्या रेघेपर्यंत नेलं. रेघ चाचपली.

"म्हणजे मी तुला रोज..." ते म्हणाले, आणि पुढचं राहिलं.

पाइप त्यांच्या हातून खाली पडला. तो उचलायला कुणी वाकलं नाही. मला वाटलं होतं हे आत निघून जातील. रागावले की ते तसंच करतात, दार आपटून. ते गेले नाहीत. अंगणाच्या पायरीवर बसले, दोन्ही हात मांड्यांवर.

मग म्हणाले, "एकही काच परत आली नाही पण."

"काय?" मामंजी म्हणाले.

हे मोठ्यानं म्हणाले, "एकही काच धुळीमुळे परत आली नाही म्हटलं! इतकी वर्षं!"

मामंजी पायरीपाशी आले, काठी भिंतीला टेकवली आणि मुलाच्या शेजारी बसले, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

ती काच दुपारी कारखान्याच्या दुसऱ्या गाडीनं नेली. फिटरनं त्याच दिवशी काम हातात घेतलं. गल्लीत लोकांना पटेना. मामंजी मात्र त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाइपचं वेटोळं करून त्यांनी ते न्हाणीघराच्या मागे टाकलं आणि खोलीत बसून राहिले. त्याचीच मला जास्त भीती होती. नेम सुटलेल्या माणसाकडे दिवसभर नुसता दिवसच उरतो.

मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. "मामंजी, गाडी कोण धुणार?"

"फिटर धुवेल. त्याला कळतं."

"माझ्या पोथीची वेळ पहाटेची. आजारी होते तेव्हा दुपारी वाचायचे. नेम मोडला का माझा?"

"नाही."

"मग तुमचाही नाही मोडत. आधी काच धुवा, हौदा धुवा. चाकं शेवटी. निवल्यावर."

"निवली हे मला कसं कळणार? दिसत नाही मला नीट."

"कढई निवली हे मला कसं कळतं?" मी म्हटलं. "बोटानं एक थेंब टाकते. आवाज झाला तर थांबते."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आवाज मला ऐकू येत नाही."

ही गोष्ट मात्र मी हिशेबात धरली नव्हती.

नव्या डिस्क बसल्यावर पहिल्या फेरीला मी पुन्हा सोबत गेले. कुणी बोलावलं नव्हतं, हे नकोही म्हणाले नाहीत. भिंतीचं वळण आलं. ह्यांनी वरूनच गिअर खाली घेतला होता, बापाच्या पद्धतीनं, मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. मग ब्रेकवर पाय ठेवला. मी मागे वळून काचेकडे बघत होते. तिच्यात आभाळ होतं, आणि ते जागच्या जागी होतं.

अंगणात मामंजी उभे होते. हे उतरले. आत गेले नाहीत. मामंजींनी काच धुतली, वरून खाली, त्याच संथ लयीत. हौदा धुतला. मग पाइप खाली ठेवला आणि चाकापाशी उभे राहिले. ह्यांनी बादलीत बोटं बुडवली, चाकाच्या फटीतून आत थेंब उडवला, कान जवळ नेला.

"अजून नाही," हे म्हणाले.

"मग?"

"बसा जरा."

दोघं पायरीवर बसले. मी आत गेले, शेगडी पेटवली. खिडकीतून बोलणं ऐकू येत होतं. मामंजी विचारत होते, मघाशी वळणावर कितव्या गिअरमध्ये होतास, आणि हे थापा मारत होते. थोड्या वेळानं मामंजींनी विचारलं, "आता?" हे उठले, थेंब टाकला, पुन्हा येऊन बसले. "अजून नाही, बाबा."

चाक एवढा वेळ गरम राहतं का, मला शंका होती. पण मी बाहेर जाऊन बघितलं नाही.